बिनअस्तराची बाही

अगं,

तू पत्र शेवटाकडून वाचतेस हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, शेवटी माझ्या कोटाबद्दल लिहिलं आहे आणि ते तुला आवडणार नाही. तेवढंच वाचून कागद मशीनच्या खणात कोंबू नकोस. मधलंही वाच.

लिहायला कारण झालं ते असं. परवा तुला शहरात पाठवायचं पार्सल द्यायला विमानतळावर गेले होते. तिथे बाकावर बसलेल्या एका पाहुण्याला आपला मुकादम तुझी गोष्ट सांगत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तू भर वादळात खांबावर चढून वरच्या वर बाही शिवलीस. मग मॅनेजरने त्याला अडवून आपली गोष्ट सुरू केली. तिच्यात सगळी कल्पना त्याची आणि तू नुसती सुई ओवणारी. मी दोघांनाही गप्प केलं. पण माणूस हयात असताना ही भेसळ, तर आणखी काही वर्षांनी विमानसुद्धा तूच चालवलं होतंस असं ऐकायला मिळेल. तेव्हा काय झालं ते एकदा लिहून मोकळी होते. तुला सगळं माहीतच आहे, म्हणून आता जरा बाजूला सरक. मला वाचणाऱ्यांशी बोलू दे.

ही माझी धाकटी जाऊ. घर एकच, तेव्हा खाली ती आणि वर मी. मी कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले, ती शिवणकामातून अजून निवृत्त व्हायला तयार नाही. माझा दीर तिला आणि एका लहान मुलीला मागे ठेवून फार लवकर गेला. तेरावा महिना लागायच्या आत तिने पुढच्या खोलीत मशीन मांडलं आणि दारावर पाटी न लावता दुकान सुरू केलं. पाटीची गरजही पडली नाही. मशीनचा आवाज कोपऱ्यावर ऐकू जायचा आणि तिचा त्याच्याही पुढे.

गावात तिला कुणी नावाने ओळखत नाही. सगळे अस्तरमावशी म्हणतात. कारण तिच्या हातून अस्तराशिवाय काहीही बाहेर पडत नसे. कोट, जाकीट यांचं समजू शकते. पण उशीचा अभ्रा, भाजीची पिशवी, खिडकीचा पडदा, शाळेतल्या घंटेवरचं झाकण, सगळ्याला आतून दुसरं कापड. गिऱ्हाईक साधं काम सांगून जायचं आणि दुप्पट जाड वस्तू घेऊन परत यायचं. अस्तराचे जास्तीचे ती काही घेत नसे, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नसे. मी एकदा वैतागून विचारलं की उशीच्या अभ्र्याच्या आत कोण डोकावतंय. तर म्हणाली, "उशी डोकावते ना, ताई."

एकदा मुकादमाने फाटकी छत्री दुरुस्तीला टाकली. हिने नवं कापड घातलं आणि वर सवयीने अस्तरही लावलं. छत्री उघडली ती उघडलीच. मिटेना. मुकादम ती तशीच डोक्यावर घेऊन दुकानात आला, दारात अडकला आणि बाहेरूनच म्हणाला, "मावशी, हिला आता ठेवू कुठे?" ही मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "उघडीच ठेव. लवकर वाळते." ही छत्री लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता विमानतळ. गावाच्या वर डोंगराची सोंड तासून सपाट केली आहे, ती धावपट्टी. एका टोकाला खोल दरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगराची भिंत. विमान एरवी येतं ते दरीकडून, वारा दरीतून असला तर डोंगराच्या बाजूने वळसा घालून, आणि जातं मात्र दरीकडेच. दोन खोल्यांची इमारत. एका खोलीत बाक आणि जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा. इथे सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात, कारण विमान लहान आणि हवा विरळ. मॅनेजर तिकीट फाडतो, काट्यावर उभं करतो, आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचतो आणि मग पलीकडच्या खोलीत जाऊन वायरलेसवर वैमानिकाशी बोलतो. माणूस तोच, फक्त टोपी बदलतो. सामान चढवणारा मुकादम एकटाच. त्याच्या हाताखाली कुणीही नाही, पण मुकादम म्हटलं की त्याला बरं वाटतं आणि आपलं काही जात नाही.

धावपट्टीच्या कडेला खांब आहे. खांबाच्या टोकाला लोखंडी कडी, आणि त्या कडीला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी. कडीपाशी रुंद, टोकाला निमुळती. तिचं कागदोपत्री काय नाव असेल ते असो, गावात तिला बाही म्हणतात, कारण ती दिसतेच बाहीसारखी. कुणीतरी अंगरखा डोंगरात पुरून एक बाही वर काढून ठेवावी तशी. बाही फुगून आडवी झाली म्हणजे वारा जोराचा, अर्धवट लटकली म्हणजे बेताचा. वैमानिक उतरायच्या आधी वरून तिच्याकडे बघतो, मग कुठून कसं उतरायचं ते ठरवतो.

त्या वर्षी पावसाने जाता जाता दोन कामं केली. खालच्या वळणावर डोंगराचा एक लचका रस्त्यावर आणून टाकला, त्यामुळे गाड्या बंद. आणि एका संध्याकाळच्या वादळात बाहीच्या चिंध्या केल्या. वारा मोजायचं फिरतं यंत्रही त्याच वादळाने उपटलं. दुसऱ्या दिवशी विमान आलं नाही. कंपनीने कळवलं की नवी बाही पाठवतो. कशाने पाठवता, असं मॅनेजरने विचारलं. विमानाने, असं उत्तर आलं. आणि बाही लागेपर्यंत विमान उतरणार नाही, हे त्याच निरोपात खाली.

गावाने हसून घेतलं. आमच्या घरात मात्र हसायला कुणी मोकळं नव्हतं. त्याच सकाळी शहरातून फोन आला होता. जावेची लेक दिवस भरत आलेली, रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. दोनतीन दिवसांत ऑपरेशन करून बाळ काढावं लागेल म्हणाले. जावई बोटीवर, जमिनीपासून लांब. सासरचं दुसरं कुणी नाही. आणि हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळीही रस्ता असाच बंद होता, विमानही येत नव्हतं. ही तीन दिवसांनी पोचली तेव्हा पाळण्याची गरज उरली नव्हती आणि लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. या वेळी फोनवर लेक एवढंच म्हणाली, "आई, तू येशील ना?" ही म्हणाली, "निघालेच." फोन ठेवला आणि पिशवी भरायला लागली. कशाने निघालीस, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. तिचा चेहरा बघून गिळलं.

विमानतळावर पोचलो तर मॅनेजर दारातच होता. त्याने सगळी हकिगत सांगितली, हात जोडले. बाही नाही, तर विमान नाही. हिने वर खांबाकडे बघितलं. नुसती कडी वाऱ्यावर करकरत होती.

"माप काय?" तिने विचारलं.

मॅनेजरला आधी कळेचना. मग म्हणाला की मावशी, ही काही अंगात घालायची बाही नव्हे, हिला मंजुरी लागते. तोपर्यंत हिने गळ्यातली टेप काढली होती आणि मुकादमाला शिडी आणायला सांगितलं होतं. पुढचा तासभर मॅनेजरची वायरलेसवर वादावादी चालली. मधूनमधून मीही दारातून दोन शब्द टाकत होते, ते त्याला उपयोगी पडले की नाही ते सांगता येत नाही. शेवटी ठरलं असं, की तात्पुरती बाही लावून बघा, विमान दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन वरून बघेल. वैमानिकाला पटली तर उतरेल. नाही पटली तर नाही.

कापडाचा प्रश्न मुकादमाने सोडवला. त्याला नवा रेनकोट मिळाला होता, त्यामुळे जुने भगभगीत नारिंगी दोन रेनकोट खिळ्याला लटकत होते. ते त्याने काढून दिले, जरा जड मनाने. घरी येऊन हिने जमिनीवर पसरले, उसवले, खडूने आखले. पाठीवर मोठा पांढरा आकडा होता तो कापला जाणार नाही असं बेतलं, कारण तेवढं कापड वाया घालवणं तिला जमत नाही. मी धरायला बसले होते. काम सुरेख चाललं होतं. मग तिने कपाटातून धुऊन धुऊन मऊ झालेली एक सुती चादर काढली आणि तीही त्याच मापाने आखायला घेतली.

मी म्हटलं, आता इथेही?

"ताई, वारा आतूनच जाणार ना?" ती म्हणाली. "मग आतली बाजू बरी नको?"

यावर वाद घालायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर मुद्दा पटण्यासारखा होता. दुपार कलायच्या आत बाही तयार झाली. कडीला शिवायची जागा दुहेरी, तोंडाला पट्टी, आत पांढरंशुभ्र अस्तर. मुकादमाने ती वर चढवली. दुपारचा वारा चांगला होता, बाही डौलात फुगली. मॅनेजरने दोन पावलं मागे जाऊन बघितली आणि कंपनीच्या बाहीपेक्षा हीच देखणी आहे म्हणाला. आम्ही खुशीत घरी आलो. हिने पिशवीत जास्तीचं लुगडं टाकलं.

सकाळी दरीतून धुकं वर आलं होतं. उजाडता उजाडता विरळ झालं, पण जाता जाता सगळं भिजवून गेलं. बाकावर आमच्यासारखी अडकलेली आणखी सातआठ माणसं. विमानाचा आवाज आला तशी सगळी बाहेर धावली. वारा होता, दरीकडून गालाला लागत होता. आणि खांबावर बाही लोंबत होती, ओल्या मोज्यासारखी. चादरीने रात्रभर दव पिऊन घेतलं होतं.

विमान वर घिरट्या घालू लागलं. मॅनेजर वायरलेसवर सांगत होता की वारा आहे, दरीकडून आहे. वैमानिकाचा आवाज खरखरत आला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. तुम्ही वारा आहे म्हणता आणि तुमची बाही झोपली आहे, मी विश्वास कुणावर ठेवू. त्याचंही बरोबर होतं. पाठीमागून वारा असताना उतरला असता तर समोर डोंगराची भिंत. तो म्हणाला, उद्या सकाळी एकदा येऊन बघतो, त्यानंतर हे विमान दुरुस्तीला जाणार आहे. आणि गेला.

आवाज दरीत विरून गेला तरी ही वरच बघत होती. त्या बाकावरची एक बाई पुटपुटली की शेवटी घरगुती ते घरगुतीच. मी तिच्याकडे बघितलं, तशी ती आत गेली. हिने मुकादमाला बाही खाली उतरवायला सांगितली. दोन्ही हातांत घेऊन पिळली. पाणी निथळलं.

मुकादम शेजारी उभा होता. जरा घुटमळला आणि म्हणाला, "मावशी, माझ्या छत्रीचं झालं तेच झालं."

मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या ओल्या गोळ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं किती हसण्याचं होतं ते मी विचारलं नाही. मग आत जाऊन वजनकाट्यावर फतकल मारून बसली, कारण पसरून बसायला तेवढीच कोरडी जागा होती, आणि पिशवीतून कातर काढली.

मी तिला आयुष्यभर अस्तर लावताना बघितलं आहे. काढताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. एक टीप उसवली आणि हात थांबला. काट्याचा मोठा काटा तिच्या श्वासाबरोबर थरथरत होता. मी म्हटलं, अगं आतून कोण बघणार आहे, काढ पटकन. ती म्हणाली, "मी बघणार आहे ना." आणि मग मात्र सरासर उसवलं. एका टोकाने ती, दुसऱ्या टोकाने मी. मॅनेजरने सवयीने आमच्या दोघींच्या वजनाचा आकडा वाचला, तेव्हा मी त्याला कातर दाखवली.

घरी येऊन तिने बाही पुन्हा मशीनवर घेतली. अस्तर नाही तर आतली शिवण उघडी राहणार, ते तिला बघवेना. म्हणून प्रत्येक शिवण दुमडून, धाग्याचं टोकसुद्धा दिसणार नाही अशी पुन्हा मारली. एकेरी कापड, पण आतून बाहेरून सारखंच. संपल्यावर हात आत घालून खांद्यापर्यंत फिरवला आणि मला म्हणाली, घालून बघा. मी घातला. कुठे एक दोरा बोटाला लागला नाही. काढलेली चादर तिने धुऊन वाळत टाकली. माझ्या कोटाचं अस्तर कधीचं फाटलं होतं आणि तो तिच्याकडेच पडून होता. "हे तुमच्या कोटाला लावते, ताई," ती म्हणाली. "आता निघायच्या आधी नाही व्हायचं. आल्यावर पहिलं काम तेच."

दुसऱ्या सकाळीही धुकं होतंच. खांबाच्या टोकाला नारिंगी ठिपका दिसू लागला तेव्हा बाही लोंबतच होती. ही कुंपणाला धरून उभी होती, पिशवी पायाशी. मग दरीतून वाऱ्याची एक बारीक झुळूक आली, पदराचं टोक हलावं एवढीच. बाहीचं तोंड उघडलं. आधी कडीजवळचा भाग फुगला, मग पोट भरलं, मग टोक उचललं गेलं, झोपेतून उठून कुणी हात ताणावा तसं. आणि मुकादमाच्या पाठीवरचा तो पांढरा आकडा दरीकडे पाठ करून ठळक दिसू लागला.

विमान आलं. एक घिरटी घातली. मॅनेजर दारात, कानाला वायरलेस. तो नुसता ऐकत होता. दुसरी घिरटी जरा खालून. मग विमान लांब गेलं, इतकं लांब की मला वाटलं संपलं. मॅनेजर दारातूनच ओरडला, "बाही जागी आहे म्हणतोय. येतोय."

वारा ज्या अंगाने होता त्याच्या उलट अंगाने, डोंगराच्या कडेला लागून वळण घेऊन विमान आलं, चाकं टेकली, धूळमिश्रित पाणी उडालं आणि दरीच्या बरंच अलीकडे थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कालची ती घरगुतीवाली बाई सर्वांत जोरात वाजवत होती. मुकादम तर सामान टाकून नाचायचा बाकी होता. हिने टाळ्या वाजवल्या नाहीत. पिशवी उचलली आणि काट्यावर जाऊन उभी राहिली.

वैमानिक खाली उतरला आणि शिंपी कोण म्हणून विचारू लागला. लोकांनी हिला पुढे केलं. त्याला काही चांगलं बोलायचं असावं, पण हिने त्याला बोलू दिलं नाही. "आधी मला बसवा, मग बोला," ती म्हणाली. त्याने तिला पुढे, आपल्या शेजारच्या जागेवर बसवलं. पट्टा बांधता बांधता विचारलं, भीती वाटते का. दार अजून उघडं होतं, म्हणून उत्तर मला ऐकू आलं. "तुम्ही नीट चालवा. बाही मी नीट शिवली आहे."

विमान धावलं, दरीच्या कडेवरून सुटलं आणि क्षणभर खाली गेल्यासारखं झालं. मग वर आलं, उन्हात आलं. मी कुंपणापाशी उभी राहून हात हलवत होते. तिने बघितलंच नसणार. ती बाहीकडे बघत असणार, टाका कुठे सुटला नाही ना म्हणून.

दुपारी फोन आला. ही दवाखान्यात शिरली तेव्हा लेकीला आत न्यायची तयारी चालली होती. हिने तिचा हात धरला, आत नेईपर्यंत धरून ठेवला आणि बाहेर येईपर्यंत दाराकडे बघत उभी राहिली, कुणी बस म्हटलं तरी बसली नाही. मुलगी झाली. वजन किती, ते हिला सांगता येईना, पण आवाज कसा आहे ते फोनवर ऐकवलं. आवाज आजीवर गेला आहे. मी मॅनेजरला फोन करून कळवलं, तर त्याने बाकावरच्या माणसांना आकडा वाचतो तशा आवाजात बातमी वाचून दाखवली.

पुढे कंपनीची खरी बाही आली, विमानानेच. मॅनेजरने ती लावली आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात ती शिवणीवर उसवली. तेव्हापासून आमचीच खांबावर आहे. ही दर ऋतूला शहरातून नवी शिवून पाठवते, आणि दर वेळी मुकादमाचा एक जुना रेनकोट जातो. पाठीवरचा आकडा तिने मुद्दाम कायम ठेवला आहे. नवे प्रवासी विचारतात की तो आकडा कसला. मॅनेजर न अडखळता सांगतो की तो धावपट्टीचा क्रमांक आहे.

आता तुझ्याकडे वळते.

जाताना ती चादर तू पिशवीत टाकलीस ते मी बघितलं होतं. तिचं दुपटं झालं, आतून मऊ, दोन पदरी, आणि तुझी नात त्यात गुंडाळून घरी आली, हे फोटोत दिसलंच. त्या कापडाला याहून चांगली जागा नव्हती आणि माझी काही तक्रार नाही. तू नातीसाठी तिथेच राहिलीस, राहा. आल्यावर पहिलं काम तेच, असं तू म्हणाली होतीस. तीनदा येऊन गेलीस. एकदा बाही बदलायला, एकदा तिथल्या मशीनसाठी पट्टा न्यायला आणि एकदा नुसती नात मिरवायला.

इथे थंडी पडायला लागली आहे. कालसुद्धा किल्ली खिशाच्या भोकातून आत घसरली आणि दारात उभं राहून मला सगळा कोट चाचपावा लागला. कोट खाली तुझ्या मशीनवर नेऊन ठेवला आहे, तू ठेवतेस तसा, उलटा करून.